‘जंगल’ आणि ‘जंगली’ यांच्यामध्ये

“काका, ‘जंगल’ आणि ‘जंगली’ यांच्यामध्ये काय आहे?”

“काही नाही, बाई.”

“तेच विचारतेय. का नाही?”

चिठ्ठीकाकांनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता. पण साहेबाच्या प्रश्नाला लगेच उत्तर दिले तर पुढचा प्रश्न येतो आणि चष्मा पुसत राहिले तर कधीकधी टेलिफोन येतो, एवढे शहाणपण चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या पदरी पडले होते. आज टेलिफोन आला नाही.

शब्दकोशाच्या कचेरीतली ही सकाळ. समोर बसलेल्या संपादकबाई खुर्चीवर येऊन दीड वर्षच झाले होते, त्यामुळे त्यांना अजून सगळे वाचायची सवय होती. त्यांनी टेबलावर पोस्टकार्डांचा एक गठ्ठा ठेवला. अठ्ठावीस कार्डे, वर्षाला एक, सगळी एकाच निवृत्त गुरुजींच्या हातची. ‘महोदय, आपल्या कोशात जंगल आहे, जंगली आहे, जंगलतोड नाही. कृपया पाहावे.’ दहाव्या वर्षी त्यातले ‘कृपया’ गळाले. पंधराव्या वर्षी ‘महोदय’ गेले. यंदाच्या कार्डावर दोनच शब्द होते : ‘अजून नाही!’

खरेच नव्हती. बाहेरच्या जगात काय व्हायचे ते झाले असेल, पण कोशातल्या जंगलाला गेली अठ्ठावीस वर्षे कुणी हात लावलेला नव्हता.

“चिठ्ठीच नव्हती का केली?” बाईंनी विचारले.

“केली होती.”

“मग गेली कुठे?”

ऐंशी हजार शब्दांच्या चिठ्ठ्या कुठल्या खणात कितव्या आहेत, हे डोळे मिटून सांगणाऱ्या माणसाला हा प्रश्न होता. त्या ऐंशी हजारांपैकी एकाही शब्दाचा अर्थ काकांनी लिहिलेला नव्हता. त्यांचे काम चिठ्ठ्या लावण्याचे, काढून देण्याचे आणि परत लावण्याचे. कोशाच्या पहिल्या पानावर जी आभाराची यादी होती तिच्यात त्यांचे नाव नव्हते, पण ती यादीही त्यांनीच अकारविल्हे लावून दिली होती.

काका उठले. भिंतीला लागून चिठ्ठ्यांची कपाटे होती. ती करणाऱ्या सुताराने मुळाक्षरांचा तक्ता समोर ठेवून अक्षरागणिक खण केले होते. ‘ळ’ने एकही शब्द सुरू होत नाही, हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितले नाही आणि त्यामुळे ‘ळ’लाही चांगला ऐसपैस खण मिळाला. हा खण काकांचा. त्यात त्यांचा जेवणाचा डबा, कंगवा, डोकेदुखीच्या गोळ्या आणि घडीची छत्री असे. काकांनी डबा बाजूला केला, तळाचा वर्तमानपत्राचा कागद उचलला आणि खालून एक पिवळी पडलेली चिठ्ठी काढली.

बाई मागे येऊन उभ्या होत्या.

“ळमधून शब्द निघाला,” त्या म्हणाल्या. “हे व्याकरणवाल्यांना कळवायला पाहिजे.”

काका हसले नाहीत. त्यामुळे बाईही थांबल्या आणि त्यांनी चिठ्ठी वाचली. ‘जंगलतोड : लोभ व अज्ञान यांपायी माणसाने केलेला वनांचा संहार. उदा. लाकूडतोड्यांच्या लोभी कुऱ्हाडीने जंगलतोड करून डोंगर उघडे पाडले.’ त्यांनी चिठ्ठी उलटली. मागची बाजू कोरी होती.

इथे या कचेरीचा एक नियम सांगायला हवा. कोश सुरू करणारे थोरले संपादक भारी हट्टी होते. त्यांचे म्हणणे असे, की अर्थ खुशाल तज्ज्ञाने लिहावा. पण छापण्याआधी तो ज्याच्या हातचे काम असेल त्याला वाचून दाखवावा आणि त्याला पटला तर चिठ्ठीच्या मागे त्याची सही घ्यावी. सही नाही तर शब्द नाही. ‘वस्तरा’वर न्हाव्याची सही होती. ‘टाका’वर शिंप्याची आणि नर्सची, दोघांची होती. ‘आळस’ची चिठ्ठी सहीला गेली ती दोन वर्षांनी परत आली. ‘चोरी’वर एका अनुभवी गृहस्थाने मोठ्या आनंदाने सही केली, सही शेजाऱ्याच्या नावाची होती, हे मागाहून कळले. थोरले संपादक गेले, संगणक आले, पण नियम टिकला, कारण तो रद्द करायच्या कागदावर कुणाची सही घ्यायची हे कधी ठरले नाही.

“सही राहिली,” काका म्हणाले. “थोरल्या साहेबांनी मलाच दिली होती. म्हणाले, तुझे वडील लाकूडतोडे होते ना? वाचून दाखव, सही घेऊन ये.”

“मग?”

“राहिलं.”

“अठ्ठावीस वर्षं?”

“एकदा राहिलं की राहतंच, बाई.”

त्यात काही खोटे नव्हते. त्या दिवशी काका चिठ्ठी खिशात घालून घरी गेले, तेव्हा आबांना, म्हणजे त्यांच्या वडलांना, शहरात मुलाकडे येऊन आठवडाच झाला होता. डोंगरावरचे काम संपले म्हणून एक वळकटी आणि फडक्यात गुंडाळलेली कुऱ्हाड घेऊन ते आले होते. दारातच त्यांनी विचारले, “आज ऑफिसात काय केलंस?” खिशात चिठ्ठी होती. ज्या कुऱ्हाडीवर हा मुलगा शाळा शिकला, ऑफिसात खुर्चीवर बसला, त्या कुऱ्हाडीला ऑफिसने नावे ठेवली होती, आणि ती त्याच मुलाने वाचून दाखवायची होती. वर सही मागायची होती. काका म्हणाले, “काही नाही.” दुसऱ्या दिवशी ‘ज’ची पाने छपाईला गेली. आबांनी काही दिवस तोच प्रश्न विचारला, तेच उत्तर मिळाले, मग त्यांनी विचारायचे सोडले.

“आज पाचला जुळारी ‘ज’ची पानं जुळवून बंद करतोय,” बाई म्हणाल्या. “या आवृत्तीतही ‘जंगलतोड’ नसली तर गुरुजी पुढचं कार्ड मंत्र्यांना टाकतील. लाकडाच्या वखारीत जा, कुणाचीही सही आणा.”

“वखारीत फळ्या कापतात, बाई. जंगल नाही कापत.”

“मग?”

काकांनी कंगवा काढून केस नीट केले. “घरी जाऊन येतो,” ते म्हणाले.

भर दुपारी नवरा दारात पाहून काकूंच्या हातातले ताट तसेच राहिले.

“अहो, काढून टाकलं की काय?”

“नाही. सही हवीय.”

“माझी?”

“आबांची.”

“मग बरं. मला वाटलं, घर विकताय.”

आबा गॅलरीत ठेंगण्या स्टुलावर बसून लाकडाचा चमचा कोरत होते. वय सत्त्याऐंशी. कुऱ्हाड सुटली तरी हाताला लाकूड लागायचेच, म्हणून ते चमचे करत. घरात माणसे तीन आणि चमचे एकसष्ट होते. शेजारीपाजारी कुणाकडे काही कार्य निघाले, की काकू आधी चमचा घेऊन जात. हल्ली शेजारी कार्ये लपवून करत.

“आबा, एक शब्द वाचून दाखवायचाय,” काका म्हणाले.

“दाखव की. त्याला काय मुहूर्त लागतो?”

काकांनी चिठ्ठी डोळ्यांसमोर धरली. “जंगलतोड. माणसाने केलेला वनांचा संहार.”

चमच्यावरचा चाकू थांबला नाही. “सुरुवातीला काय गिळलंस?”

“कुठे काय?”

“अरे, करवत गाठीवर गेली की आवाज बदलतो. तुझ्या वाचण्यात गाठ आली. पुन्हा वाच.”

काकांनी पुन्हा वाचले. या वेळी लोभ वाचला, अज्ञान वाचले, उदाहरणातली लोभी कुऱ्हाडही वाचली. वाचताना ते चिठ्ठीकडेच पाहत राहिले, कारण दुसरीकडे पाहायला जागा नव्हती. चाकू थांबला. आत स्वयंपाकघरात भांडी घासण्याचा आवाजही थांबला. काकूंना ऐकायचे असले की भांडी आपोआप स्वच्छ होत.

“कुणी लिहिलंय?” आबांनी विचारले.

“तज्ज्ञांनी. फार मोठे विद्वान होते.”

“झाड पाडलं होतं कधी त्यांनी?”

“त्यांच्या दारात कुंडी होती.”

आबांनी मान हलवली, कुंडीवाल्या माणसाला जितके माफ करता येते तितके केले आणि चमचा मांडीवर ठेवला.

“लोभ म्हणतोय, ते काही खोटं नाही,” ते म्हणाले. “लोभ होता. ठेकेदाराला होता. ज्यांना दारं-खिडक्या हव्या होत्या त्यांना होता. आणि दिवस मावळायच्या आत आणखी एक पाडू, हा माझाही लोभच की! पण अज्ञान? झाड कुठं पडणार हे झाडाच्या आधी मला ठाऊक असायचं. जमिनीवर टोपी ठेवायचे लोक आणि म्हणायचे, यावर पाड. टोपी गाडली जायची! त्याला म्हणावं, अज्ञान खोड.”

“खोडतो.”

“आणि आम्ही जंगलतोड कधी म्हणतच नव्हतो. ‘तोडीवर चाललो’ म्हणायचो. तोडलेलं रान उठतं रे परत. बुंधा राखला, मुळं राखली, की दोन पावसांत कोंब माणसाच्या डोक्यावर जातात. ज्या डोंगरावर माझा बाप तोडीवर गेला, त्याच डोंगरावर मी गेलो. तो काय संहार होता?”

“मग जंगलतोड कशाला म्हणायचं, आबा?”

हा प्रश्न काकांनी चिठ्ठीसाठी विचारला नव्हता. अठ्ठावीस वर्षे चिठ्ठीपाशी बसूनही त्यांना तो पडला नव्हता. आबा समोरच्या इमारतीच्या गच्चीकडे पाहू लागले. तिथे पाण्याच्या टाक्या होत्या.

“आमच्यात एक रीत होती,” ते म्हणाले. “रानाचा नवीन पट्टा तोडायला घेतला, की पहिल्या दिवशी एक झाड ठरवायचं. चांगलं पसरलेलं, सावलीचं. त्याला कुणी हात लावायचा नाही. दुपारी सगळ्यांनी त्याच्याखाली जेवायचं. जेवणाचं झाड. पट्टा संपला तरी ते उभंच. त्याचं बी सगळीकडे पडायचं, पाखरं यायची, आपोआप रान धरायचं. डोंगरावर अशी किती झाडं होती! लांबून बघितलं तरी मी सांगायचो, ते माझ्या लग्नाच्या साली जेवलो ते, हे तुझ्या जन्माच्या साली जेवलो ते.”

“मग?”

“मग शेवटचा ठेकेदार आला. म्हणाला, ही कशाला ठेवलीत? पाडा. लोक म्हणाले, मग जेवायचं कुठं? तो म्हणाला, काम लवकर संपवा आणि घरी जाऊन जेवा.”

“तुम्ही काय केलंत?”

“पाडली.” आबांनी चमच्यावरची धूळ अंगठ्याने पुसली. “मीच पाडली. दुसऱ्या कुणी वेडीवाकडी पाडली असती, फांद्या चिरफाळल्या असत्या. सरळ निजवली एकेक. आणि दुसऱ्या दिवशी आम्ही उन्हात जेवायला बसलो. एकवीस माणसं. तेव्हा मला कळलं, की आता तोड संपली. ही जंगलतोड झाली. त्याच महिन्यात वळकटी बांधून तुझ्याकडे आलो.”

मग आबांनी चिठ्ठी हातात घेतली. त्यांना वाचता येत नव्हते, पण लाकूड किती जुने आहे ते कळत होते आणि कागद लाकडाचाच असतो.

“ही आजची नाही,” ते म्हणाले.

“नाही. तुम्ही आलात त्या आठवड्यातली.”

“आणि आज दाखवतोस?”

“तुम्हाला लागेल म्हणून…”

आबांनी मुलाकडे नीट पाहिले. सत्तावन्न वर्षांचा, अर्धे केस गेलेला, चाळिशीचा चष्मा लावलेला मुलगा.

“म्हणून तू ‘काही नाही, काही नाही’ म्हणायचास होय?” ते म्हणाले. “मला वाटायचं, लाकूडतोड्याला काय सांगायचं ऑफिसातलं, असं वाटतं तुला. लाज वाटते म्हणून सांगत नाहीस.”

“छे हो, आबा!”

“मग मी विचारायचं सोडलं.”

“बघा!” आतून काकूंचा आवाज आला. “मी लग्न होऊन आल्यापासून या दोघांना शेजारी शेजारी बसून गप्प बसलेलं बघतेय. मला वाटलं, घराण्याची शांती आहे!”

आबा आधी हसले. मग काका हसले. मग चष्मा पुसायला काढावा लागला आणि या वेळी तो खरोखरच पुसायला झाला होता.

“आण पेन,” आबा म्हणाले. “सही करतो. पण आधी नीट लिही. लोभ ठेव, पण तो एकट्या कुऱ्हाडीच्या गळ्यात बांधू नको. दांडा धरणारा एक असतो आणि धरायला लावणारे दहा.”

काकांनी लिहिले. नोकरीत पहिल्यांदाच लिहिले, गॅलरीच्या कठड्यावर चिठ्ठी टेकवून. दोनदा खोडले. आबांना वाचून दाखवले. आबांनी एक शब्द बदलायला लावला. मग त्यांनी पेन मुठीत धरले, चाकू धरावा तसे, आणि चिठ्ठीमागे तीन उभ्या रेघा ओढून त्यांवर एक आडवी मारली. तोडलेल्या बुंध्यावर ते कोळशाने हीच खूण करत. हे झाड कुणी पाडले ते साऱ्या डोंगराला त्यावरून कळे.

काका कचेरीत पोचले तेव्हा सव्वाचार झाले होते. बाईंनी उभ्यानेच वाचले.

‘जंगलतोड : गरजेने वा लोभाने झाडे तोडून रान मोकळे करणे, विशेषतः रान पुन्हा उठणार नाही अशा रीतीने. उदा. शेवटी जेवणाचं झाडही पाडलं, तेव्हा तोडीची जंगलतोड झाली.’

“जेवणाचं झाड म्हणजे?” त्यांनी विचारले. काकांनी सांगितले. बाईंनी चिठ्ठी उलटून त्या चार रेघांवरून बोट फिरवले. कोशकारांनाही सगळ्याच गोष्टींना शब्द सापडतो असे नाही. “जाऊ दे छपाईला,” त्या म्हणाल्या.

पण पाने जुळवणारा जुळारी खुर्चीतून हलेना. “चार ओळी घालू कुठे? पान गच्च भरलंय. काहीतरी उडवावं लागेल.”

“काय उडवता येईल?”

“हे चित्र.” त्याने पडद्यावर बोट ठेवले.

‘जंगल’ या शब्दाशेजारी पहिल्या आवृत्तीपासून एक लहानसे चित्र होते. नऊ झाडे आणि त्यांच्यापुढे एक प्राणी. तो हरीण आहे की कुत्रा, यावर कचेरीत पूर्वीपासून दोन तट होते आणि बढत्यासुद्धा तट पाहून होत, असे म्हणतात.

“जंगलतोड घालायची म्हणून जंगल काढायचं?” बाई म्हणाल्या.

“जागेचा प्रश्न आहे, बाई. सगळीकडे तोच असतो.”

“काढा,” काका म्हणाले. “पण एक झाड ठेवा.”

“एका झाडाचं जंगल होत नाही, काका.”

“माहीत आहे.”

“मग ठेवायचं कशाला?”

काका चष्मा पुसू लागले. जुळारी बाईंकडे पाहू लागला. बाईंनी चार रेघांची चिठ्ठी ‘ज’च्या खणात, ‘जंगल’ आणि ‘जंगली’ यांच्यामध्ये, स्वतःच्या हाताने लावली आणि म्हणाल्या, “ठेव रे एक. ते सांगतायत ना.”

पुस्तक बाहेर पडायला सात महिने लागले. आठव्या महिन्यात पोस्टकार्ड आले. ‘महोदय, कृपया अभिनंदन स्वीकारावे. जंगलतोड झालेली पाहून आनंद वाटला. मात्र चित्रात एकच झाड दिसते. ही चूक आहे काय? तसेच कुत्रे कुठे गेले?’ अशा रीतीने तो प्राणी कुत्रा होता हे ठरले. काकांनी कचेरीच्या कागदावर उत्तर पाठवले : ‘चूक नाही.’

त्या संध्याकाळी ते कोशाची एक प्रत घरी घेऊन आले. दारातच आबांनी विचारले, “आज ऑफिसात काय केलंस?” हे आता रोजचेच झाले होते आणि उत्तर कधीकधी जेवणानंतरही संपत नसे. काकांनी पुस्तक आबांच्या मांडीवर ठेवले, पान काढून दिले आणि शब्दावर बोट ठेवून वाचून दाखवले. आबांनी ऐकून घेतले. मग भिंग मागवले आणि शेजारच्या चित्रावर धरले.

“हे काय?”

“झाड.”

“एकच?”

“नऊ होती. जागा लागत होती.”

“मग हे कशाला ठेवलं?”

“जेवायला.”

आबा भिंगातून बराच वेळ पाहत राहिले. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत, मग पुन्हा खाली, फांद्या कुठल्या अंगाला जड आहेत ते पाहावे तसे.

“पाडायची वेळ आली,” ते म्हणाले, “तर मला सांग.”

आणि हातातला अर्धा कोरलेला चमचा त्या पानात खूण म्हणून ठेवून त्यांनी पुस्तक मिटले.